स्टँड-अप कॉमेडीची रूम कशी लावायची: खुर्च्या, आवाज, लाइट आणि हशा

शो चालू व्हायच्या दीड तास आधी जागेवर पोचा आणि लगेच स्टेजवर चढू नका, आधी सरळ शेवटच्या रांगेत कोपऱ्यातल्या खुर्चीवर जाऊन बसा. तिथून काय दिसतं, काय ऐकू येतं, मध्ये खांब येतोय का, एसीचा घरघराट किती आहे, दारातून उजेड आत येतोय का, हे पाच मिनिटं शांतपणे बघा. त्या खुर्चीवर बसणाऱ्याला नीट ऐकू आलं नाही तर तो हसत नाही, तो हसला नाही की त्याच्या पुढच्या रांगेला पाठीमागून हशा ऐकू येत नाही, मग तीही रांग जरा जपून हसते आणि असं करत करत तो थंडपणा पार स्टेजपर्यंत येतो.

बहुतेक ठिकाणी जागा बघणं म्हणजे माइक चालतोय ना, लाइट लागतोय ना, झालं. मला मात्र मनापासून वाटतं की रूम लावणं हे सेट, म्हणजे कॉमिकने (स्टँड-अप करणाऱ्याने) स्टेजवर सलग सांगायचे जोक, लिहिण्याइतकंच महत्त्वाचं काम आहे. तोच कॉमिक तोच सेट घेऊन एका रूममध्ये लोकांना लोळवतो आणि दुसऱ्या रूममध्ये लोक नुसते हसरे चेहरे करून बसतात, आणि शो संपल्यावर बाहेर येऊन सांगतात की मस्त होता हां शो, आणि ते खोटं बोलत नसतात, त्यांना मजा आलेलीच असते, फक्त ती आवाजात बाहेर पडलेली नसते.

याचं कारण असं की माणूस सोबतीने हसतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने हसण्याचा बरीच वर्षं अभ्यास केला, त्यात विद्यार्थ्यांना आपण कधी कधी हसलो याच्या नोंदी ठेवायला सांगितलं होतं, आणि त्यातून दिसलं की टीव्ही-पुस्तक असं काही हाताशी नसताना माणूस एकटा जेवढा हसतो त्याच्या साधारण ३० पट तो लोकांत असताना हसतो. २०२० मध्ये लॉकडाऊनच्या काळात बऱ्याच ठिकाणी पार्किंगमध्ये ड्राइव्ह-इन शो झाले, लोक आपापल्या गाडीत काचा लावून बसलेले आणि जोक आवडला की हॉर्न वाजवायचे. कॉमिकला प्रतिसाद मिळत होता पण शेजारच्या गाडीतलं हसू कोणालाच ऐकू येत नव्हतं, म्हणून हशा पसरतच नव्हता.

म्हणजे जागेकडून आपल्याला दोनच गोष्टी हव्यात. प्रत्येकाला शेजारच्याचं हसू ऐकू आलं पाहिजे, आणि आपण हसताना आपल्याकडे कोणी बघतंय असं वाटता कामा नये. खुर्च्या, आवाज, लाइट, सगळं या दोन गोष्टींसाठी लावायचं.

खुर्च्या

सगळ्यात जास्त फरक इथे पडतो आणि याला खर्च शून्य. १०० खुर्च्यांच्या हॉलमध्ये ४० लोक आले की ते काय करतात? प्रत्येक ग्रुप दुसऱ्या ग्रुपपासून तीन-चार खुर्च्या सोडून बसतो, पहिल्या दोन रांगा मोकळ्या राहतात, आणि कोपऱ्यात एखादं जोडपं एकटंच. तेच ४० जण ४५ खुर्च्यांच्या खोलीत बसवले तर शो हाउसफुल वाटतो. म्हणून खुर्च्या आधीच सगळ्या मांडून ठेवू नका. बाकीच्या भिंतीला थप्पी लावून ठेवा, सुरुवातीला फक्त पुढच्या तीन रांगा मांडा, त्या भरल्या की चौथी, ती भरली की पाचवी. लोक येताना त्यांना बसायला जेवढी जागा दिसते तेवढीच असते, त्यामुळे ती पुढून भरतात आणि कुणाला "प्लीज पुढे या ना" अशी विनवणी करावी लागत नाही. खुर्च्या जमिनीला फिक्स असतील तर मागच्या रांगांना दोरी किंवा टेप लावून टाका आणि दारात एक माणूस उभा करा जो लोकांना हसतमुखाने थेट खुर्चीपर्यंत नेऊन बसवेल. हा माणूस फार महत्त्वाचा आहे, तो "कुठेही बसा" म्हणाला की सगळं मुसळ केरात.

पहिल्या रांगेला लोक घाबरतात, कॉमिक आपल्यालाच धरेल म्हणून. तिथे जबरदस्तीने कोणाला बसवू नका, जबरदस्तीने बसलेला माणूस हाताची घडी घालून बसतो आणि त्याचा तो चेहरा कॉमिकला पूर्ण सेटभर दिसत राहतो. त्यापेक्षा चार-पाच जणांचा मोठा ग्रुप आला की त्यांना पुढे न्या, मित्रांसोबत असलेला माणूस निवांत असतो. एकटे आलेले लोक मध्ये बसवा, दोन्ही बाजूंनी माणसं असतील असे.

मधोमध रस्ता ठेवू नका! लग्नाच्या हॉलमध्ये किंवा सभेला ठेवतात तसा मधला पॅसेज स्टँड-अपला अगदी वाईट, कारण कॉमिक सरळ समोर बघतो तेव्हा त्याला रिकामी फरशी दिसते, आणि जिथे हशा सगळ्यात दाट असायला हवा तिथेच भगदाड. रस्ते दोन्ही बाजूंना काढा. पण ते काढाच, आणि बाहेर पडायच्या दारासमोर एकही खुर्ची येऊ देऊ नका, लोकांना दाटीने बसवणं वेगळं आणि कोंडणं वेगळं, या बाबतीत मी कुणाचं काही ऐकून घेत नाही.

पहिली रांग स्टेजपासून एक-दीड मीटरवर असावी. तिथे चार मीटरची मोकळी जागा सोडली की कॉमिकला ती दरी प्रत्येक वाक्यात ओलांडावी लागते. रांगा थोड्या कमानीत लावल्या तर टोकाचे लोक एकमेकांचे चेहरे डोळ्यांच्या कोपऱ्यातून बघू शकतात, आणि दुसऱ्याचा हसणारा चेहरा दिसला की आपलं आवरलेलं हसू सुटतं. गोल टेबलं टाळता आली तर टाळा, निम्म्या लोकांची पाठ स्टेजकडे होते आणि मान वळवून बसलेला माणूस दहा मिनिटांत वैतागतो. टेबलं लागणारच असतील तर छोटी ठेवा आणि खुर्च्या फक्त अर्ध्या बाजूला लावा. मोठे सोफे तर नकोच, सोफ्यावर माणूस मागे रेलतो आणि घरी टीव्ही बघितल्यासारखा बघायला लागतो.

स्टेज छोट्या रूममध्ये २०-३० सेंटीमीटर उंच असला तरी पुरतो. अगदीच जमिनीवर उभं राहिलं तर चौथ्या रांगेपासून मागे कॉमिकचं फक्त डोकं दिसतं आणि हातवारे, चालणं, सगळं वाया जातं. आणि छोट्या रूममध्ये मीटरभर उंच स्टेज असला तर भाषण चालल्यासारखं वाटतं. स्टेज नेहमी दारासमोरच्या भिंतीला ठेवा, म्हणजे उशिरा येणारे मागून येतील. स्टेजच्या बाजूलाच दार असलं की प्रत्येक येणारा माणूस पंचलाइनच्या मध्ये एंट्री घेतो आणि सगळी रूम त्याच्याकडे बघते, आणि टॉयलेटचा रस्ता स्टेजच्या बाजूने असेल तर तेच. जागा बघायला गेलात की आधी दारं कुठे आहेत ते बघा, बाकी सगळं नंतर बदलता येतं.

आवाज, आणि त्याहून जास्त म्हणजे हशाचा आवाज

स्टँड-अपच्या लोकांना बेसमेंट एवढे का आवडतात याचं उत्तर छतात आहे. न्यूयॉर्कचं कॉमेडी सेलर १९८२ पासून एका रेस्टॉरंटच्या खाली तळघरात चालतंय, बुटकं छत, दाटीवाटीने टेबलं, आणि जगातले मोठमोठे कॉमिक तिथे येऊन नवीन मटेरियल ट्राय करतात. बुटक्या छतामुळे हशा वर हरवून जात नाही, लगेच परत खाली लोकांवर येतो आणि तीस लोकांचा हशा साठ लोकांचा वाटतो. उंच छताखाली तोच हशा पातळ होतो, आणि लोकांना वाटतं की फारसं कोणी हसत नाहीये, मग आपण कशाला.

पण याचा अर्थ आवाज जितका घुमेल तितका बरा असं नाही. १८९५ मध्ये हार्वर्डच्या एका नव्या लेक्चर हॉलमध्ये बोललेलं काही समजेना म्हणून वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं होतं. त्या खोलीत आवाज साडेपाच सेकंद घुमत राहायचा, म्हणजे एक वाक्य विरायच्या आत पुढची दोन वाक्यं त्यावर येऊन पडायची. सबाइनने रात्री-रात्री शेजारच्या थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणून तिथे ठेवल्या आणि किती गाद्यांनी घुमणं किती कमी होतं हे मोजलं, आजचं हॉलच्या आवाजाचं शास्त्र तिथूनच सुरू झालं. आपल्या कामापुरतं एवढं लक्षात ठेवा की बोलण्यासाठी घुमणं साधारण ०.६ ते १ सेकंदाच्या आसपास असलेलं बरं, ऑर्केस्ट्राच्या हॉलमध्ये ते २ सेकंदांच्या जवळ असतं, म्हणून संगीताचे सुंदर हॉल स्टँड-अपला बऱ्याचदा त्रास देतात.

मोजायचं यंत्र नको. रूमच्या मध्ये उभं राहून एक खणखणीत टाळी वाजवा. टाळीनंतर शेपूट लांबत गेली, झणझण आली, तर मागच्या भिंतीवर जाड पडदे सोडा, जमिनीवर सतरंजी टाका. उलट टाळी एकदम मेल्यासारखी वाटली, सगळीकडे कार्पेट, पडदे, गुबगुबीत खुर्च्या, तर तीही अडचणच, कारण तिथे प्रत्येकाला फक्त स्वतःचंच हसू ऐकू येतं आणि माणूस ओशाळतो. अशा ठिकाणी लोकांना अजून जवळ जवळ बसवणं आणि एखादा पडदा बाजूला करून कोरी भिंत उघडी करणं एवढं तरी करता येतं. आणि हो, माणसं आणि त्यांचे कपडे आवाज शोषतात, त्यामुळे रिकाम्या रूममधल्या साउंड चेकवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका, रूम भरल्यावर आवाज थोडा वाढवावाच लागतो.

मागची भिंत स्टेजपासून १५ मीटरवर असेल आणि ती कोरी, कडक असेल तर कॉमिकचा आवाज तिथे आपटून परत यायला जवळजवळ ९० मिलीसेकंद लागतात, म्हणजे बोलणाऱ्याला स्वतःचाच शब्द मागून ऐकू येतो आणि टायमिंगची वाट लागते. कॉमिकला कळत नाही काय होतंय, तो नुसता अडखळत राहतो. साउंडवाल्याला सांगून स्पीकर जरा खाली, लोकांकडे झुकवून घ्या, आणि त्या भिंतीला पडदा.

स्पीकर कॉमिकच्या थोडे पुढे ठेवा, मागे ठेवले की माइकमध्ये शिट्टी येणार. आवाज किती ठेवायचा? शेवटच्या रांगेला कान न टवकारता प्रत्येक शब्द कळेल इतका, पण इतका मोठा नाही की शेजारच्याचं हसू त्याखाली दबेल. कान देऊन ऐकणारा माणूस मोठ्याने हसत नाही, आपण हसलो तर पुढचं वाक्य सुटेल अशी त्याला भीती असते. आणि शो चालू असताना बंद करता येतील ते सगळे आवाज बंद करा, ज्यूसचा मिक्सर, कॉफी मशिन, बाहेरचं म्युझिक. बंद होत नसेल तर निदान कॉमिक्सना आधी सांगून ठेवा म्हणजे ते पंचच्या आधी थांबतील.

लाइट

प्रेक्षक अंधारात, कॉमिक उजेडात. एवढं सोपं आहे आणि तरी निम्म्या ठिकाणी ट्यूबलाइट चालू असतात! उजेडात बसलेला माणूस हसायच्या आधी आजूबाजूला बघतो, विषय जरा नाजूक असेल तर नक्कीच बघतो, बॉस शेजारी बसलाय, सासरे पुढच्या रांगेत आहेत, आणि तेवढ्यात हसायचा क्षण गेला. अंधार त्याला मोकळं करतो. पण मिट्ट काळोखही नको, पहिल्या दोन-तीन रांगांवर स्टेजचा उजेड थोडा सांडलेला असू दे, म्हणजे कॉमिकला चेहरे दिसतात, क्राउड वर्क, म्हणजे प्रेक्षकांशी थेट बोलून जोक करणं, जमतं, आणि मागच्यांना पुढच्यांचे हलणारे खांदे दिसतात.

कॉमिकच्या चेहऱ्यावर लाइट समोरून, दोन्ही बाजूंनी तिरका यायला हवा. फक्त डोक्यावरून आला की डोळ्यांच्या जागी काळे खड्डे दिसतात, आणि डोळे दिसले नाहीत की निम्मे जोक अर्धेच पोचतात. रंग बदलणारे, फिरणारे लाइट असतील तर ते बंद करा, एकच साधा उबदार पांढरा. दुपारचा शो असेल तर खिडक्यांना काळा कागद लावा, सुट्टीच्या दिवशी भर दुपारी उन्हाची तिरीप येणाऱ्या खोलीत शो उभा करणं खरंच अवघड असतं.

कॉमिकच्या मागची भिंत साधी ठेवा. विटांची भिंत स्टँड-अपची ओळख झाली ती न्यूयॉर्कमध्ये १९६३ साली सुरू झालेल्या इम्प्रोव्ह क्लबमुळे, पण आपल्याला विटा नकोत, आपल्याला फक्त बघण्यासारखं दुसरं काही नको. काळा पडदा उत्तम. टीव्ही चालू, मॅच म्यूटवर, असं कधीच चालू देऊ नका, म्यूट केली तरी स्कोअर दिसतोच.

बारीकसारीक पण जीवघेण्या गोष्टी

रूम थोडी गार ठेवा. गरम, कोंदट खोलीत लोक पेंगतात. अमेरिकन टीव्ही होस्ट डेव्हिड लेटरमन आपल्या शोचा स्टुडिओ मुद्दाम थंडगार ठेवायचा आणि ते सगळ्यांना माहीत होतं. लोक आत आले की खोली आपोआप तापते, म्हणून एसी लोक यायच्या आधीच जोरात लावून ठेवा आणि शोमध्ये त्याचा आवाज होत असेल तर कमी करा.

खाणंपिणं सर्व्ह होणारी जागा असेल तर बिलाची वेळ आधी ठरवून घ्या. ही गोष्ट कॉमेडी क्लबमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. शेवटच्या मोठ्या कॉमिकचा सेट रंगात आलेला असतो आणि तेवढ्यात सगळ्या टेबलांवर बिलं येतात, मग मोबाइलचे टॉर्च लागतात, तू किती दिलेस मी किती दिले सुरू होतं, आणि स्टेजवरचा माणूस दहा मिनिटं भिंतीशी बोलतो. बिलं एकतर शोच्या आधी घ्या, नाहीतर शो संपल्यावर होस्टने धन्यवाद म्हटल्यावर. वेटरना सांगा की ऑर्डर हळू आवाजात, वाकून घ्यायची, आणि पहिल्या दोन रांगांत शो चालू असताना जायचंच नाही.

फोनसाठी मोठे क्लब कुलूपबंद पिशव्या वापरतात, छोट्या शोला होस्टने सुरुवातीलाच प्रेमाने पण स्पष्ट सांगितलं तरी बरंच काम होतं. अंधारात पेटलेली एक स्क्रीन आजूबाजूच्या आठ जणांचं लक्ष खाते.

मोठा हॉल, मोकळी जागा

मोठ्या हॉलमध्ये हशा एकदम येत नाही, लाटेसारखा येतो. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे ३४ मीटर मागे बसलेल्याला जोक एक दशांश सेकंद उशिरा ऐकू येतो आणि त्याचा हशा परत यायला पुन्हा तेवढाच वेळ. त्यामुळे छोट्या रूमच्या स्पीडने बोललात तर मागच्यांच्या हशावर तुमचंच पुढचं वाक्य पडतं आणि ते दोन्ही घालवून बसतात. थांबा, लाट येऊन जाऊ द्या, मग बोला. बारीक भुवया उडवण्याचे जोक तिथे स्क्रीन असेल तरच. जर्मन कॉमिक मारिओ बार्थने २००८ मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये ६७ हजारांहून जास्त लोकांसमोर शो केला, म्हणजे होतं हे, पण ती वेगळीच कारागिरी आहे, आणि ओपन माइकवाल्याने (खुल्या मंचावर नवीन जोक करून बघणाऱ्याने) त्याचा हेवा करू नये, कारण नवीन जोक तपासायला चाळीस माणसांची खोलीच खरं बोलते. लॉस एंजेलिसच्या कॉमेडी स्टोअरमध्ये एकाच बिल्डिंगमध्ये लहान-मोठ्या रूम आहेत ते उगाच नाही.

बाल्कनी असेल आणि खालचा मजला भरला नसेल तर बाल्कनी बंद करा. वर बसलेले बारा जण शो बघतात, शोमध्ये नसतात.

मोकळ्या आकाशाखाली छतच नसतं, हशा वर जातो आणि गेला, शिवाय अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डेसिबलने पडतो. तिथे शो करायचाच असेल तर पूर्ण अंधार पडल्यावर करा, लोकांच्या मागे किंवा बाजूला भिंत येईल असा कोपरा निवडा, आणि खुर्च्या एकमेकांना चिकटवून मांडा, आतल्या शोपेक्षाही जवळ.

आणि तुमच्या हातात काहीच नसेल तर?

बऱ्याचदा कॉमिक शोच्या दहा मिनिटं आधी पोचतो आणि रूम लागलेली असते, वाईट लागलेली असते. तेव्हा होस्टला बाजूला घेऊन सांगा की शो चालू करायच्या आधी लोकांना पुढे घे, एकदाच, हसत, आणि सगळे बसल्यावर पहिला जोक. मधल्या कॉमिकच्या वेळी लोक हलवायचे नाहीत. तेही झालं नाही तर स्टेजवर गेल्यावर पहिल्या वाक्यात त्या रूमबद्दल बोला. खांब आहे? खांबाबद्दल बोला. मिक्सर वाजतोय? त्याच्याबद्दल. सगळ्यांना जे खटकतंय ते तुम्हालाही दिसतंय हे कळलं की विखुरलेले लोक एका गोष्टीवर एकत्र हसतात, आणि तिथून पुढे ते एक ऑडियन्स होतात. रूम रुंद असेल तर दोन्ही टोकांना आळीपाळीने बघून बोला, नाहीतर एक बाजू सुटते आणि ती परत येत नाही. माइक स्टँड वापरत नसाल तर उचलून मागे ठेवा, तो तुमच्यात आणि लोकांमध्ये उभा राहतो.

रेकॉर्डिंग करायचं असेल तर लोकांसाठी दोन वेगळे माइक स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत, ऑडियन्सकडे तोंड करून लावा, ते वेगळ्या ट्रॅकवर घ्या आणि स्पीकरला अजिबात देऊ नका. नुसत्या कॉमिकच्या माइकवरून केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये अख्खी रूम हसली तरी दूर कुठेतरी पाऊस पडतोय असं ऐकू येतं, आणि क्लिप बघणाऱ्याला वाटतं की जोक पडला.